वाचकांचे प्रश्न : ‘मूनलाइट’ इतका पुढे पळतो कसा?

बेथोव्हनच्या ‘मूनलाइट’ सोनाटाचा पहिला भाग बुडापेस्टला जन्मलेले पियानोवादक आंद्राश शिफ सवयीच्या मानाने बरेच जलद वाजवतात आणि सूर घुमत ठेवणारं उजवं पेडल जवळपास सोडतच नाहीत. त्यावर वाचकांची पत्रं आली. काहींना ते फार आवडलं, काहींचे कान दुखावले. उत्तरं दोघांनी दिली आहेत : एक पियानो शिकवणाऱ्या बाई आणि एक पियानोचं ट्यूनिंग-दुरुस्ती करणारे गृहस्थ. दोघांचं सगळीकडे एकमत नाही. ते तसंच ठेवलं आहे.

प्रश्न : ‘मूनलाइट’चा पहिला भाग म्हणजे शांत, थबकत चालणारा, अशीच आमची समजूत. शिफ यांचं वादन ऐकलं तर सूर पुढे पळतात आणि एकमेकांत मिसळून धुकं होतं. ही मनमानी म्हणायची की आमचेच कान चुकीचे तयार झालेत? (नाशिक)

शिक्षिका : आधी लयीबद्दल बोलू, कारण तिथे हिशेब मांडता येतो. या भागावर ‘अडाजिओ सोस्टेनुटो’ (संथ, सूर धरून) लिहिलं आहे आणि तेवढंच वाचून बहुतेक जण संथ होतात. पण त्याच्या शेजारी तालाची खूण आहे, मधून उभी रेघ मारलेला सी. त्याला ‘आल्ला ब्रेव्हे’ म्हणतात. म्हणजे बारमध्ये, तालाच्या एका आवर्तनात, चार नव्हे, दोन ठोके मोजायचे. १८०२ साली व्हिएन्नाच्या काप्पी या प्रकाशकाने काढलेल्या पहिल्या छापील प्रतीत ही रेघ आहे. पुढच्या काही आवृत्त्यांतून ती गळाली आणि साधा सी उरला. ज्यांनी अशा प्रतीवरून शिकलं ते चार ठोके मोजतात, आणि अडाजिओचे चार ठोके म्हटले की लय आपोआप बसते.

या भागात ६९ बार आहेत. प्रत्येकात चार क्रोशे (क्रोशे म्हणजे इथे बारचा चौथा हिस्सा) धरले तर २७६ क्रोशे. मिनिटाला ४० क्रोशे या लयीत वाजवलं तर जवळजवळ सात मिनिटं लागतात, ५४ ला पाच मिनिटांच्या जरा वर आणि ६० ला साडेचारच्या आसपास. यातला ५४ हा आकडा मनाचा नाही. बेथोव्हनचा शिष्य कार्ल चेर्नी याने गुरूच्या सोनाटा कशा वाजवायच्या यावर पुढे पुस्तक लिहिलं, त्यातला तो आहे. आल्ला ब्रेव्हे असल्यामुळे चाल मध्यम आंदांतेची, म्हणजे सहज चालण्याच्या गतीची, हवी, असंही त्याने बजावलं आहे. खुद्द बेथोव्हनने इथे मेट्रोनोमचा (लय मोजणाऱ्या यंत्राचा) आकडा दिलेला नाही, देणं शक्यही नव्हतं. सोनाटा १८०१ चा आणि मेल्झेलने मेट्रोनोमचं पेटंट घेतलं १८१५ मध्ये. त्यानंतरही बेथोव्हनने आपल्या बत्तीस सोनाटांपैकी एकालाच, ओपस १०६ ला, आकडे दिले. तेव्हा चेर्नीची साक्ष ही जवळच्या माणसाची साक्ष आहे, हुकूम नव्हे.

आता हाताने करून बघण्याची गोष्ट. पाचव्या बारच्या शेवटी सुरावट सुरू होते : जी शार्प, पुन्हा जी शार्प, आणि सहाव्या बारमध्ये तोच सूर तीन क्रोशे धरायचा. ४० च्या लयीत हे तीन क्रोशे साडेचार सेकंद चालतात. पियानोचा सूर वाजल्या क्षणापासून विरत जातो, त्याला श्वास भरता येत नाही. साडेचार सेकंदांनी पुढचा जी शार्प येतो तेव्हा आधीचा केव्हाच क्षीण झालेला असतो. मग वाक्य तयार होत नाही, सुटे ठोके ऐकू येतात. ५४ ला तेच तीन क्रोशे सव्वातीन सेकंदांत संपतात आणि पुढचा सूर आधीच्याच्या शेपटीवर येऊन बसतो. सुरावट तोंडाने गाऊन बघा. जिथे एका दमात सहावा-सातवा बार निघतो, ती लय बहुधा ५० च्या वरच असते. शिफ घाई करत नाहीत. ते दोन ठोके मोजतात.

ट्यूनर : लयीबद्दल वाद नाही. धुक्याबद्दल मात्र आहे. १८०० च्या सुमाराचा व्हिएन्नाचा पियानो म्हणजे लाकडी सांगाडा, पातळ तारा, चामडं लावलेल्या लहान हातोड्या, पाच-सव्वापाच सप्तकं, आणि पेडलच्या जागी गुडघ्याने वर ढकलायची पट्टी. त्याचा सूर लवकर विरतो. डँपर (तारांवर टेकून सूर थांबवणाऱ्या गाद्या) उचलून ठेवले तरी मागचा कॉर्ड (एकत्र वाजणारे सूर) पुढच्यासाठी पुरेशी जागा करून देतो. आजच्या नऊ फुटी कॉन्सर्ट ग्रँडमध्ये ओतीव लोखंडी फ्रेम असते, तिच्यावर तारांचा एकूण ताण वीसएक टनांच्या घरात जातो आणि खर्जाची तार कितीतरी सेकंद घुमत राहते. तिथे पेडल तळाला दाबून पाच मिनिटं वाजवणं म्हणजे एकाच कागदावर चार पानं छापणं.

कुठे बिघडतं ते नेमकं सांगतो. तिसऱ्या बारच्या उत्तरार्धात डी मेजरचा कॉर्ड आहे, त्यात साधा डी येतो. चौथ्या बारमध्ये डी शार्प येतो. दोन्ही एकाच वेळी शिल्लक राहिले की अर्ध्या सुराची घासाघीस. त्याच चौथ्या बारमध्ये बी शार्प आहे आणि पाठोपाठ सी शार्प : पुन्हा अर्धा सूर. पाचव्या बारला घरी परतल्याचं जे समाधान मिळायला हवं ते या दोन घासण्यांमुळे मिळत नाही. म्हणूनच शिफ पेडल तळापर्यंत नेत नाहीत. थोडंच दाबून धरतात, म्हणजे डँपर तारेवरून पूर्ण उठत नाहीत, नुसते हलके होतात. त्यामुळे वरचे सूर बऱ्यापैकी निवळतात आणि खर्ज मागे रेंगाळतो. युक्ती हुशारीची आहे, पण ती मोठ्या वाद्यावर, मोठ्या सभागृहात आणि त्यांच्या पायाने. मला स्वतःला चेर्नीचीच रीत पटते : खर्जाचा सूर बदलला की पेडल बदला.

शिक्षिका : चेर्नीचं ते पुस्तक १८४० च्या दशकातलं आहे. तोवर पियानो जड झाले होते, त्यांचा घुमारा लांबला होता. म्हणजे ‘खर्जाबरोबर पेडल बदला’ ही तडजोड त्याने त्याच्या काळच्या वाद्यासाठी केली, शिफ आपल्या काळच्या वाद्यासाठी दुसरी करतात. एकाची तडजोड परंपरा आणि दुसऱ्याची मनमानी, हे मला मान्य नाही. आणि लय व पेडल असे दोन वेगळे वाद मांडूच नयेत. पेडल धरून ठेवायचं तर लय पुढे न्यावीच लागते, कारण पुढचे सूर मागच्यांना झाकत जातात. संथ लयीत तेच पेडल धरलं तर साचलेलं पाणी होतं. शिफ यांचं वादन ऐकताना लय खटकली की पेडल, असं वेगळं काढायला गेलात तर दोन्ही खटकतील.

प्रश्न : नोटेशनवर ‘सेन्झा सोर्दिनो’ लिहिलंय. आमच्या क्लासमध्ये याचा अर्थ ‘डावं मऊ पेडल वापरू नका’ असा सांगतात. तुम्ही म्हणता उजवं पेडल धरून ठेवा. खरं काय? (कोल्हापूर)

शिक्षिका : सूचना पूर्ण अशी आहे की हा सगळा तुकडा अत्यंत नाजूकपणे आणि ‘सोर्दिनो’शिवाय वाजवावा. व्हायोलिनवाल्यांचा सोर्दिनो म्हणजे घोडीवर बसवायचा चिमटा, त्यावरून ‘मऊ पेडल’ हा गैरसमज होतो. पियानोत इथे सोर्दिनो म्हणजे डँपर. डँपरशिवाय, म्हणजे डँपर उचलून, म्हणजे आजच्या भाषेत उजवं पेडल.

पुरावा याच सोनाटाच्या तिसऱ्या भागात आहे. तिथे सूर लाटेसारखे झपाट्याने वर चढतात आणि टोकाला दोन ठाशीव कॉर्ड येतात. त्या कॉर्डांवर ‘सेन्झा सोर्दिनो’ आणि लगेच पुढे ‘कॉन सोर्दिनो’, म्हणजे डँपरसह. मऊ पेडल असा अर्थ घेतला तर सर्वांत जोरदार दोन कॉर्डांपुरतं मऊ पेडल सोडा आणि बाकी सगळा धडाका मऊ पेडलवर वाजवा, असं होईल. त्याला काही अर्थच राहत नाही. उलट डँपर असा अर्थ घेतला की लाट कोरडी, टोकाचे कॉर्ड घुमणारे, हे चित्र चोख बसतं.

हस्तलिखित बघून खात्री करू म्हणाल तर अडचण आहे. बेथोव्हनच्या हातची प्रत बॉनमध्ये जपलेली आहे, पण तिचं पहिलं पान हरवलेलं आहे. पहिल्या भागावरची ही सूचना आपल्याला त्या काप्पीच्या छापील प्रतीवरूनच माहीत आहे.

प्रश्न : तानपुरा सतत झंकारतो तेव्हा कोणी धुकं म्हणत नाही. मग पेडलच्या घुमाऱ्याची एवढी तक्रार का? (पुणे)

ट्यूनर : तानपुऱ्याच्या चारही तारा मैफल संपेपर्यंत त्याच सुरांवर असतात आणि गाणाऱ्याचा षड्जही हलत नाही. म्हणून झंकार साचला तरी तो गाण्याच्या बाजूनेच साचतो. इथे दर बारला खालचा आधारच बदलतो : सी शार्प, मग बी, मग ए, एफ शार्प, जी शार्प. हा म्हणजे दर दोन-चार सेकंदांना तानपुरा नव्याने लावायचा प्रकार आहे, आणि आधीच्या लावलेल्या तारा अजून वाजतच आहेत.

शिक्षिका : तरी उपमा एका जागी चपखल बसते. २८व्या बारपासून जवळपास बारा बार खर्जात जी शार्प ठाण मांडून बसतो आणि वर कॉर्ड येत-जात राहतात. उजवा हात तिथे खालून वर चढून पुन्हा उतरतो. या पट्ट्यात पेडल धरून ठेवायला ट्यूनरसाहेबांचाही विरोध नसावा. मी तर म्हणेन, शिफ यांच्या पद्धतीचा विचार करायचा तर आधी हा तुकडा ऐका, सुरुवात नको. इथे घुमारा वाढत जातो आणि त्याचंच एक दडपण तयार होतं. दर ठोक्याला पेडल पुसणाऱ्यांच्या वादनात हा तुकडा नुसता चढ-उतारांचा व्यायाम वाटतो.

ट्यूनर : विरोध नाही. मात्र ३२ पासून पुढे हात वर जातो तेव्हा बोटं हलकी हवीत. तिथे जोर दिला तर घुमारा नव्हे, गोंगाट होतो.

प्रश्न : घरी डिजिटल पियानो आहे. शिफ यांच्यासारखं पेडल धरून बघितलं तर नुसता चिखल झाला, आणि मधूनच खर्जाचे सूर गायबही झाले. वाद्य बिघडलंय का? (ठाणे)

ट्यूनर : वाद्य ठीक असावं. दोन वेगळी कारणं आहेत.

चिखलाचं कारण बहुधा तुमचं पेडल. डिजिटल पियानोबरोबर येणारं छोटं चौकोनी पेडल हे बऱ्याचदा नुसतं बटण असतं : चालू किंवा बंद. मधली अवस्थाच नाही, त्यामुळे अर्धं पेडल त्यावर करताच येत नाही. यामाहाचं उदाहरण घ्या : एफसी५ हे बटण आहे, एफसी३ए हे सलग चालणारं पेडल. पण पेडल बदलण्याआधी पियानोच्या माहितीपुस्तिकेत ‘हाफ पेडल’ चालतं का ते बघा. वाद्यच ते ओळखत नसेल तर महागडं पेडलही बटणासारखंच वागेल. दुसऱ्या कंपनीचं पेडल लावताना जोडणी उलटी असू शकते, मग पाय सोडल्यावर सूर धरले जातात. पाय पेडलवर न ठेवता वाद्य बंद करून चालू करा, बऱ्याच मॉडेलांत तेवढ्याने सुधारतं.

सूर गायब होण्याचं कारण पॉलिफोनी, म्हणजे वाद्य एका वेळी जास्तीत जास्त किती सूर वाजवू शकतं तो आकडा. एका बारमध्ये ट्रिपलेटचे (एका ठोक्यात तीन) १२ सूर, खर्जाचे सप्तक जोडून दोन ते चार, वर सुरावटीचे दोन-तीन. म्हणजे साधारण १६ ते १९. पेडल धरलेलंच असेल तर चार बारमध्ये साठ-सत्तर सूर साचतात. ६४ पॉलिफोनीचं वाद्य असेल, आणि त्यातही एका सुराला स्टीरिओसाठी दोन जागा लागत असतील, तर दोन-तीन बारमध्येच जागा संपते आणि वाद्य जुने सूर कापायला लागतं. सगळ्यात जुना सूर कोणता? बारच्या सुरुवातीचा खर्ज. तोच जातो. १२८ किंवा त्याहून जास्त पॉलिफोनीवर हा त्रास फारसा होत नाही. सेटिंगमध्ये ‘डँपर रेझोनन्स’ (पेडलचा कृत्रिम घुमारा) असेल तर प्रयोगापुरता कमी करून बघा, चिखलही थोडा बसेल.

शिक्षिका : वाद्य कोणतंही असो, सराव या क्रमाने करा.

आधी फक्त खर्ज आणि वरची सुरावट वाजवा, ट्रिपलेट गाळून. मेट्रोनोम ५४ ला ठेवा. दोन ठोक्यांच्या हिशेबाने तो २७ ला हवा, पण किल्लीचे मेट्रोनोम ४० च्या खाली जात नाहीत, म्हणून ५४ ठेवून एकाआड एक टिक मोजा. पहिले दोन-तीन दिवस हे विचित्र वाटतं. एकदा बसलं की चार ठोक्यांकडे परत जावंसं वाटत नाही.

मग उजव्या हाताचे ट्रिपलेट एकटे, पेडलशिवाय, इतके हलके की पट्टी तळाला टेकल्याचा खट्ट आवाज येऊ नये. बहुतेकांची चूक अशी की दर तीन सुरांतल्या पहिल्यावर नकळत वजन पडतं आणि बारमध्ये चार हिसके ऐकू येतात. बारा सुरांत फक्त पहिला आणि सातवा किंचित मनात मोजा, हातात नको.

यानंतर त्याच हातात सुरावट. करंगळीने सुरावट आणि त्याच हाताच्या उरलेल्या बोटांनी ट्रिपलेट, ही या भागातली खरी अडचण आहे. करंगळी मारू नका. मनगट उजवीकडे झुकवून हाताचं वजन तिच्यावर सरकवा आणि आतली बोटं पट्टीला चिकटूनच ठेवा. पट्टीपासून उचललीत की ती जोरात पडणार. आवाजाची उतरंड अशी : सुरावट सर्वांत वर, खर्ज तिच्या खाली पण भरीव, ट्रिपलेट सर्वांत मागे.

पेडल अगदी शेवटी. साध्या पियानोवर अर्ध्या पेडलची जागा शोधायची तर पेडल तळाला दाबा, खालचा सी शार्प सप्तकासह जोरात वाजवून हात सोडा, आणि पाय अगदी सावकाश वर आणा. एका बिंदूला आवाज पातळ व्हायला लागतो पण तुटत नाही. ती जागा. टाच जमिनीवरच राहू द्या आणि फक्त चवड्याने तिथे पाच-सहा वेळा पोहोचून बघा. आता पहिले पाच बार तीन प्रकारे वाजवा : प्रत्येक खर्जाला पेडल बदलून, अर्धं पेडल धरून, आणि पूर्ण पेडल धरून. तिन्ही वेळा ५४ लाच. मग तिन्ही ४० ला. सहा प्रकार फोनवर रेकॉर्ड करून दुसऱ्या दिवशी ऐका, त्याच दिवशी नको. शिफ यांच्याशी जमत नाही असं ठरलं तरी चालेल, पण कशाशी जमत नाही ते नीट सांगता येईल.

परीक्षेसाठी बसवत असाल तर खर्जाबरोबर पेडल बदलण्याची रीत धरा. परक्या पियानोवर, पाच मिनिटंही हात न फिरवता, अर्ध्या पेडलची जागा सापडत नाही.

प्रश्न : सुरावटीतला छोटा सूर (डॉटेड क्वेव्हरनंतरचा सेमिक्वेव्हर) ट्रिपलेटच्या तिसऱ्या सुराबरोबर वाजवायचा की त्यानंतर? दोन शिक्षक दोन गोष्टी सांगतात. (म्हापसा)

शिक्षिका : त्यानंतर. चेर्नीनेही तसंच सांगितलं आहे. जुन्या, बाखच्या काळच्या संगीतात असे सूर ट्रिपलेटशी जुळवून घ्यायची पद्धत होती, तिथून दुसरं मत येतं. पण इथे जुळवलं तर सुरावट ट्रिपलेटमध्ये विरघळून जाते आणि तिचं वेगळेपण संपतं.

फरक किती बारीक आहे ते बघा. एका क्रोशेचे बारा समान भाग केले तर ट्रिपलेटचे सूर १, ५ आणि ९ वर येतात, छोटा सूर १० वर. म्हणजे बाराव्या हिश्शाचं अंतर. ५४ च्या लयीत ते सेकंदाच्या जेमतेम अकराव्या भागाएवढं होतं. तबला येत असेल तर सोपं जाईल : ट्रिपलेट तिस्र जातीत, सुरावट चतस्र जातीत, दोन्ही एकाच मात्रेत. टेबलावर डाव्या हाताने ‘तकिट’ आणि उजव्या हाताने ‘तकधिमि’ वाजवा आणि उजव्या हाताचं फक्त शेवटचं ‘मि’ ठेवा. ते ‘मि’ म्हणजे तुमचा सूर. घाईने फार उशिरा टाकलात तर लष्करी बिगुल वाजतो. ती चूक जुळवून घेण्यापेक्षाही वाईट.

प्रश्न : लय बदलायची मुभा असेल तर पियानोवादक ग्लेन गूल्ड यांच्या ‘अपासिओनाटा’लाही (बेथोव्हनचाच आणखी एक सोनाटा) चांगलंच म्हणावं लागेल. तिथे तर पहिला भाग अक्षरशः रांगतो. (नागपूर)

शिक्षिका : नाही म्हणावं लागत. गूल्ड यांनी १९६० च्या दशकात ‘अपासिओनाटा’ ध्वनिमुद्रित केला, त्यात पहिला भाग जवळजवळ पंधरा मिनिटं चालतो. इतर बहुतेकांचा नऊ-दहा मिनिटांत होतो. २६२ बार, प्रत्येकात चार ठोके, म्हणजे १०४८ ठोके. दहा मिनिटांत संपवलं तर मिनिटाला सरासरी १०५, पंधरा मिनिटांत ७०. वर लिहिलंय ‘आलेग्रो अस्साई’, म्हणजे चांगलंच जलद. तिथे ७० ला आधार देणारी एकही खूण कागदावर नाही. शिफ कागदावरची विसरलेली रेघ वाचून लय बदलतात, गूल्ड कागदावरचा शब्द बाजूला ठेवून. गूल्ड यांना हा सोनाटा फारसा आवडत नव्हता हे त्यांनी लपवलं नाही, आणि ते ऐकू येतं.

गंमत म्हणजे ‘मूनलाइट’चा पहिला भाग हेच गूल्ड जलद वाजवतात, लय शिफ यांच्या जवळपास. पण आवाज कोरडा. दोन्ही लागोपाठ ऐका. लय सारखी असूनही एकात मागचा सूर पुढच्यावर सावली टाकतो, दुसऱ्यात प्रत्येक सूर सुटा टिपता येतो.

ट्यूनर : मला गूल्ड यांचा ‘अपासिओनाटा’ही एकदा ऐकण्यासारखा वाटतो. इतक्या संथ लयीत डाव्या हातातले कितीतरी सूर पहिल्यांदा कळतात. दुसऱ्यांदा ऐकायला मी सांगणार नाही.

प्रश्न : चांदणं नाही तर मग या भागाचा भाव काय समजायचा? (सोलापूर)

शिक्षिका : ‘मूनलाइट’ हे नाव बेथोव्हनचं नव्हे. लुडविग रेलश्टाब या समीक्षकाने सरोवरावरच्या चांदण्याची उपमा दिली, ती चिकटली. बेथोव्हनने लिहिलं होतं ‘जणू एक फँटसी’. शिफ या भागाला शोकगीत मानतात. मोझार्टच्या ‘डॉन जोव्हानी’ या ऑपेरात वृद्ध कोमेंदातोरे मरतो त्या प्रसंगाचं संगीत बेथोव्हनने स्वतःसाठी उतरवून घेतलं होतं आणि तेही याच सी शार्प मायनरमध्ये. खाली अखंड ट्रिपलेट, वर तुटक वाक्यं. हे लक्षात ठेवून शेवटचे दहा बार ऐका. सुरुवातीला वर असलेला तो जी शार्पचा ठोका तिथे डाव्या हातात, खर्जात उतरतो. तो वाजवताना अंगठा नव्हे, करंगळीची बाजू भरीव ठेवा.

प्रश्न : जुना उभा पियानो आहे. पावसाळ्यात अर्धं पेडल केलं तर काही सूर थांबतात, काही वाजत राहतात. (रत्नागिरी)

ट्यूनर : पेडल सोडून प्रत्येक पट्टी तुटक वाजवत जा आणि जी घुमत राहते तिच्यावर खडूची बारीक खूण करा. सर्वांत वरच्या दीडेक सप्तकाला डँपर नसतातच, तिथे घुमणं हा दोष नाही. बाकी ठिकाणी घुमत असेल तर डँपरचा फेल्ट दमट होऊन कडक झालेला असतो, स्प्रिंग सैल असते किंवा डँपरची दांडी फुगलेल्या बुशिंगमध्ये (सांध्यातल्या कापडी अस्तरात) अडकते. दांडी बोटाने हलकेच मागे ओढून सोडा. सावकाश परतली तर बुशिंग, चटकन परतूनही सूर वाजत राहिला तर फेल्ट.

मग वरचं फळकूट काढून पेडल दाबा आणि बाजूने बघा. सगळे डँपर एकाच वेळी उठायला हवेत. एखादा आधी, एखादा नंतर उठत असेल तर अर्धं पेडल ठिगळासारखंच ऐकू येणार, शिफ येऊन बसले तरी. डँपर उठायला लागण्याआधी पेडलला थोडी मोकळी चाल हवी. ती अजिबात नसेल तर डँपर कायमच अर्धवट उचललेले राहतात. ही चाल खालच्या फळकुटामागे पेडलच्या दांडीवर असलेल्या चाकीने कमी-जास्त करता येते आणि घरी करण्यासारखं काम तेवढंच. फेल्टला किंवा बुशिंगला खोबरेल, शिलाई मशीनचं तेल, गंज काढायचा फवारा यातलं काहीही लावू नका. तेल लाकडात मुरतं, धूळ धरतं आणि नंतर संपूर्ण दांड्या बदलाव्या लागतात. पियानो बाहेरच्या भिंतीपासून वीतभर पुढे ओढा, आत सिलिका जेलच्या पुड्या टांगा आणि दर पंधरवड्याला उन्हात किंवा तव्यावर कोरड्या करून पुन्हा लावा. डँपरच्या दांड्या एका पातळीत आणायचं काम ऑक्टोबर सरल्यावर करून घ्या. भर पावसात जुळवलेलं डिसेंबरात पुन्हा हलतं.